धडपडीची किंमत

हौसेला मोल नसते, असे आपण सहज बोलून जातो. हौस भागवताना माणूस किमतीकडे पाहत नाही, एवढाच त्याचा रूढ अर्थ. पण गेल्या पावसाळ्यानंतर हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वीसारखे सहज निघत नाही. त्याला कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. द्वितीय वर्ष कला शाखा, मराठी हा मुख्य विषय, वडिलांचे गॅरेज. तीन आठवडे तासाला आला नाही आणि आला तो उजवा हात गळ्यात अडकवून. चौकशी केली तेव्हा कळले की हा मुलगा मातीच्या मैदानावरील मोटारसायकल शर्यतीत, म्हणजे ज्याला मोटोक्रॉस किंवा सुपरक्रॉस म्हणतात त्या प्रकारात, 'लोकल क्लास'मध्ये उतरतो. गाडी मामाची, यामाहा आरएक्स-१००, त्याच्या वयापेक्षा मोठी.

मास्तरकीच्या सवयीने मी खर्चाचे विचारले. त्याने माझ्याच विषयाची वही उघडून दाखवली. पुढून केशवसुतांवरील टिपणे, आणि मागून हिशेब. प्रवेश फी, मागचा टायर, चेन आणि स्प्रॉकेट, पिस्टन-रिंग, लेथवाल्याची मजुरी, टेम्पोभाडे, दवाखाना. एकाखाली एक, नीट अक्षरात. खाली बेरीज मात्र नव्हती. मी विचारले, बेरीज का केली नाहीस? तो म्हणाला, "सर, बेरीज केली की गाडी विकावीशी वाटते."

मी स्वतः स्कूटरच्या पलीकडे काही चालवलेले नाही. पण त्या न केलेल्या बेरजेने मला या खेळाचा इतिहास वाचायला लावले. वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. हा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा आणि विजेत्यांचा इतिहास म्हणून लिहिलेला आहे. कोणत्या साली कोणते इंजिन आले, कोण जगज्जेता झाला, हे चोख सापडते. यादीच्या खालच्या निम्म्या भागातल्या माणसांना ते सारे किती रुपयांना, पौंडांना किंवा डॉलरला पडले, हे मात्र ओळींच्या मधून काढावे लागते. आपल्या वाङ्मयेतिहासाचीही गत फारशी वेगळी नाही. पण तो विषय निराळा.

प्रारंभ इंग्लंडात आहे. यॉर्कशरमधील स्कॉट मोटारसायकल कंपनीचे संस्थापक आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९१४ मध्ये आपल्या कारखान्यातील कामगारांना आव्हान दिले की, शिप्लेच्या कारखान्यापासून डोंगर-ओढ्यांच्या वाटेने बर्नसॉल गावापर्यंत गाडी चालवत जाऊन दाखवा. ही 'स्कॉट ट्रायल'. त्यात वेगाइतकेच कौशल्याला गुण होते: अवघड टप्प्यांवर परीक्षक उभे असत आणि पाय जमिनीला टेकला की गुण जात. पुढे १९२४ च्या मार्चमध्ये दक्षिणेकडील सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथील एका क्लबने अशीच चढाओढ घ्यायचे ठरवले, पण परीक्षकांचे टप्पे वगळले. जो आधी पोहोचेल तो जिंकला. टप्पेच नसतील तर याला 'ट्रायल' म्हणता येणार नाही, असे नियामक संस्थेने कळवले. तेव्हा क्लबातील कुणीसे म्हणाले की नाव काहीही द्या, होणार आहे ती नुसती 'स्क्रँबल'. तेच नाव पडले.

या 'स्क्रँबल'साठी मराठीत मला 'धडपड' याहून चपखल शब्द सुचत नाही. धडपडणे म्हणजे ठेचकाळून पडणे, आणि धडपडणे म्हणजे जिवाच्या आकांताने प्रयत्न करणे. आपल्या भाषेने दोन्ही क्रिया एकाच शब्दात ठेवल्या आहेत. 'मोटोक्रॉस' हे नाव मागाहून फ्रेंच-बेल्जियन मंडळींकडून आले. ते अधिक डौलदार आहे, पण त्यातून पडणे निघून गेले आहे.

कामगारांना दिलेले आव्हान हा या खेळाचा उगम आहे, हे विसरू नये. पोलो किंवा मोटारींच्या शर्यतीसारखा हा वरून खाली आलेला खेळ नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर तो आणखी खाली, म्हणजे आणखी लोकांपर्यंत गेला. लष्करासाठी बीएसए, मॅचलेस, नॉर्टन अशा कंपन्यांनी लाखोंच्या संख्येने मोटारसायकली बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या फालतू म्हणून विकायला निघाल्या. इंग्लंडातील पोरांनी त्या घेतल्या. रविवारी सकाळी घरून त्याच गाडीवर बसून शेतापर्यंत जायचे, हेडलाइट आणि नंबरप्लेट काढून ठेवायची, दिवसभर चिखलात शर्यत खेळायची, संध्याकाळी दिवा परत लावून त्याच गाडीवर घरी यायचे, आणि सोमवारी तीच गाडी घेऊन कामावर. शर्यतीची गाडी आणि पोटापाण्याची गाडी एकच होती. खेळ परवडण्याचे याहून सोपे गणित नाही.

साधन स्वस्त झाले की नवे लोक आत येतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर 'शब्द' सायक्लोस्टाइल करून निघाले आणि पुढच्या लघुनियतकालिकांच्या पिढीला वाट मिळाली. छापखान्याचे बिल भरावे लागले असते तर मराठी कवितेतील कितीतरी माणसे उंबऱ्यावरच राहिली असती. लष्कराची फालतू मोटारसायकल ही त्या इंग्लिश पोरांची सायक्लोस्टाइल होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९४७ मध्ये नेदरलँडमधील वासेनार येथे राष्ट्रसंघांची पहिली 'मोटोक्रॉस देस नासियों' झाली आणि ब्रिटिश संघाने ती जिंकली. १९५२ पासून ५०० सीसी गटाचे युरोपीय अजिंक्यपद सुरू झाले, १९५७ मध्ये त्याला जागतिक दर्जा मिळाला. साठच्या दशकात बीबीसीच्या 'ग्रँडस्टँड' कार्यक्रमातून हिवाळ्यातल्या शनिवारी चिखलातल्या या शर्यती घराघरात दिसू लागल्या. आणि प्रेक्षक आला की कारखाने येतात.

कारखाने आल्यावर काय होते याचा नमुना म्हणून बीएसए कंपनीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेफ स्मिथ हा त्यांचा स्वार १९६४ आणि १९६५ अशी दोन वर्षे ५०० सीसी गटात जगज्जेता झाला. त्याची गाडी वजनदार फोर-स्ट्रोक, पण तिचा वंश दुकानात मिळणाऱ्या गाडीचाच. समोर हलक्या टू-स्ट्रोक गाड्या येत होत्या. त्यांना तोंड द्यायला कंपनीने १९६६ साठी टायटॅनियमचा सांगाडा बनवला. टायटॅनियम हलके खरे, पण ते जोडायला साधे वेल्डिंग चालत नाही. शेताच्या कडेला सांगाडा तडकला तर गावातला लोहार किंवा गॅरेजवाला काही करू शकत नाही. तो सांगाडा तडकला आणि विजेतेपदही गेले. ते चेकोस्लोव्हाकियातील सीझेड या टू-स्ट्रोक गाडीवर बसलेल्या पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने नेले. (सीझेड ही जावाची भावंड कंपनी, आपल्याकडे म्हैसूरला जावा आणि येझदी बनत होत्या त्या याच घराण्यातल्या. जगज्जेत्या घराण्याची धाकटी पाती आपल्या दूधवाल्यांच्या दारात उभी होती, हे आपल्याला कधी कुणी सांगितले नाही.)

गावात दुरुस्त न होणारी गाडी: खेळ हाताबाहेर जाण्याची सुरुवात मी इथे धरतो. किंमत म्हणजे विकत घेण्याची रक्कम, असे आपण समजतो. प्रत्यक्षात माणसाला खेळातून बाहेर काढते ती दुरुस्तीची किंमत.

हा खेळ अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेला तो १९६६ नंतर. एडिसन डाय या व्यापाऱ्याने हुस्कवार्ना गाड्या विकण्यासाठी स्वीडनचा जगज्जेता टॉर्स्टन हालमन याला तिकडे नेऊन प्रात्यक्षिके दिली. १९७१ मध्ये ब्रूस ब्राउन यांचा 'ऑन एनी संडे' हा चित्रपट आला आणि मोटारसायकल म्हणजे गुंडगिरी हा समज बराचसा धुतला गेला. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या क्रीडागारात माती ओतून शर्यत घेण्यात आली. ती जिंकणारा मार्टी ट्रिप्स सोळा वर्षांचा होता. सोळा वर्षांचा मुलगा जिंकतो हे सर्वांना फार रोमांचक वाटले. सोळाव्या वर्षी जिंकण्यासाठी किती लहानपणी सुरुवात करावी लागेल आणि तेव्हा पैसे कोण भरेल, हा प्रश्न मागाहून आला.

सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी आपापल्या संघांसाठी अशा गाड्या बनवल्या की ज्या बाजारात मिळतच नसत. सुझुकीच्या गाड्या इतक्या हलक्या झाल्या की आंतरराष्ट्रीय संघटनेला १९७३ मध्ये किमान वजनाचा नियम करावा लागला. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने मात्र एक अधिक मजेदार उपाय योजला होता. तिला 'क्लेमिंग रूल' म्हणत आणि ही कल्पना घोड्यांच्या शर्यतीतील होती. शर्यतीत उतरलेला कोणीही स्वार, शर्यत संपल्यावर, ठरावीक रक्कम भरून दुसऱ्याची गाडी मागू शके. ती कितीही महाग असो, ठरलेल्या रकमेला द्यावीच लागे. नियमात बंदी कशावरच नाही. आणा हवी तेवढी मौल्यवान गाडी. पण ती संध्याकाळी एखाद्या गॅरेजवाल्याच्या पोराच्या टेम्पोत चढू शकते, हे लक्षात ठेवून आणा. आपल्याकडच्या एखाद्या लबाड लोककथेत शोभावा असा हा नियम आहे. कारखान्यांना तो अर्थातच आवडत नव्हता, आणि खरोखर गाड्या मागितल्या जाऊ लागल्यावर तो फार काळ टिकण्यासारखा नव्हताही. १९८६ पासून त्याऐवजी 'प्रॉडक्शन रूल' आला: शर्यतीत उतरेल ती गाडी बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीवरच आधारलेली असली पाहिजे.

या दुसऱ्या नियमाची इतिहासकार स्तुती करतात आणि ती रास्त आहे. हौशी स्वार आणि कारखान्याचा स्वार यांच्या गाड्यांतले अंतर त्याने खरोखर घटवले. पण माझ्या मते त्याचा एक उलटा परिणामही झाला. कारखान्याला जिंकायचे असेल तर आता दुकानातली गाडीच शर्यतीच्या तोडीची करावी लागणार होती. म्हणजे जो खर्च पूर्वी संघाच्या खात्यावर पडे तो हळूहळू गिऱ्हाइकाच्या बिलात आला. जगज्जेत्याची गाडी तुम्हालाही मिळते, हे खरे. तुम्हाला तिच्याच किमतीला घ्यावी लागते, हेही खरे.

तरीही नव्वदच्या दशकापर्यंत एक गोष्ट हौशी माणसाच्या बाजूने होती. ती म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन. ज्यांनी कधी गॅरेजच्या दारात उभे राहून पाहिले असेल त्यांना सांगायला नको, पण आम्हा प्राध्यापकांसाठी सांगतो: या इंजिनाला झडपा नसतात, कॅमशाफ्ट नसते. वरचे हेड उघडा, जुना पिस्टन आणि रिंग काढा, नवे बसवा, गॅस्केट लावा, बंद करा. अंगणात, झाडाच्या सावलीत, दोन-तीन तासांत होणारे काम. बाप आणि मुलगा मिळून करतात.

१९९७ च्या मे महिन्यात लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्री हा स्वार यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकला आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी ती गाडी, वायझेड ४०० एफ, दुकानात आली, आणि हेन्री मैदानी शर्यतींचा राष्ट्रीय विजेता झाला. यामागे धुराचे नियम होते. कॅलिफोर्नियाने टू-स्ट्रोकच्या धुरावर बडगा उगारला होता आणि तो उगारण्यात चूक नव्हती. पण शर्यतीच्या नियमात फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट सीसीची मुभा देण्यात आली: १२५ च्या गटात २५०, आणि २५० च्या गटात ४५०. दुप्पट इंजिन असलेल्या गाडीपुढे जुनी गाडी टिकेना. काही वर्षांत हौशी मैदानांवरही फोर-स्ट्रोकच दिसू लागल्या. या इंजिनात झडपा आहेत, त्याही टायटॅनियमच्या. कॅम आहे, टायमिंग चेन आहे, आणि ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फिरते. ठरलेल्या तासांनी ते उघडले नाही आणि आतली झडप तुटली, तर पिस्टन, हेड, कधी कधी क्रँककेससुद्धा जातो. हे काम झाडाखाली होत नाही. टायटॅनियमची गोष्ट तीस वर्षांनी पुन्हा घडली. या वेळी ती एकट्या जेफ स्मिथच्या वाट्याला न येता सगळ्यांच्या वाट्याला आली. यामाहा आणि केटीएम अजूनही टू-स्ट्रोक बनवतात, आणि अलीकडे त्यांचे चाहते पुन्हा वाढले आहेत. त्यात स्मरणरंजन किती आणि खिशाचा विचार किती, ते वेगळे काढणे कठीण आहे.

'हौशी' या शब्दाचे काय झाले तेही याच ओघात पाहू. हौस हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत त्याच मुळाच्या 'हवस'ला बट्टा लागला, मराठीत तो निर्मळ राहिला, आणि आपण त्यातून हौशी रंगभूमी घडवली. इंग्रजीतील 'अ‍ॅमॅच्युअर'च्या मुळाशीही प्रेम करणारा, असाच अर्थ आहे. अमेरिकेतील हौशी स्वारांची सर्वांत मोठी स्पर्धा १९८२ पासून टेनेसीमध्ये, गायिका लोरेटा लिन यांच्या जमिनीवर, दर उन्हाळ्यात भरते. प्रांतिक फेऱ्या पार करून निवडलेल्या स्वारांनाच तेथे प्रवेश असतो. मूळ कल्पना सुंदर. पण तिथे पोहोचण्यासाठी जॉर्जिया-फ्लॉरिडातील प्रशिक्षण केंद्रांवर राहणारी, शाळा सोडून घरीच शिकणारी, दोन-तीन गाड्या आणि घराएवढी मोटार बरोबर घेऊन हिंडणारी मुलेही आता 'हौशी'च म्हणवतात. आणि शनिवारपर्यंत गवंडीकाम करून रविवारी खेळणाराही हौशीच. शब्द एक, माणसे दोन. मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. मुलाच्या गुणासाठी घर गहाण टाकणारा बाप आपल्याकडे अभियांत्रिकीच्या क्लासबाहेरही दिसतो.

गाडी उसनी मिळते, जुनी मिळते, मामाची मिळते. जमिनीचे तसे नाही. इंग्लंडमध्ये बहुतेक हौशी शर्यती आजही शेतकऱ्यांच्या शेतात होतात, कारण नियोजनाच्या कायद्यात एक सवलत आहे: वेगळी परवानगी न घेता जमीन तात्पुरत्या कामासाठी वर्षातून २८ दिवस वापरता येते, पण मोटार-मोटारसायकल शर्यतींसाठी त्यातले १४ दिवसच. १९९५ च्या आदेशात हे होते, २०१५ च्या आदेशातही राहिले. तेथील क्लबांचे सारे वेळापत्रक या चौदा आकड्याभोवती फिरते. शेजाऱ्याला आवाज चौदा दिवसच सोसावा लागतो आणि शेतकऱ्याला थोडे भाडे मिळते. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. ज्यांनी कायमची मैदाने बांधली त्यांचे काय झाले ते कॅलिफोर्नियात दिसते. कार्ल्सबाडचे मैदान १९६४ मध्ये सुरू झाले, १९७३ पासून १९८६ पर्यंत तेथे अमेरिकेची ग्रांप्री होत असे, आणि २००४ मध्ये ते बंद होऊन तेथे औद्योगिक वसाहत झाली. सॅडलबॅक त्याआधीच, १९८४ मध्ये, संपले होते. शहर चालत मैदानाच्या दारात आले, जमिनीचा भाव वाढला, विम्याचा हप्ता वाढला, आवाजाची तक्रार आली. कोणी खलनायक नाही.

आता आपल्याकडे. भारतात मोटारशर्यतींचा संघटित इतिहास मद्रासपासून सुरू होतो: मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आणि शर्यती शोलावरमच्या युद्धकाळातील धावपट्टीवर. म्हणजे इथेही लष्कराची फालतू मालमत्ताच कामी आली. १९७१ मध्ये क्लबांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पण मातीच्या शर्यती खऱ्या अर्थाने गावोगावी पसरल्या त्या १९८४-८६ नंतर. जपानी सहकार्याच्या शंभर सीसी गाड्या त्या दोन-तीन वर्षांत आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स-१००, कावासाकी बजाज. तोपर्यंत राजदूत, येझदी आणि बुलेट. या नव्यांत आरएक्स-१०० हलकी, तापट आणि टू-स्ट्रोक. मडगार्ड काढून, हँडल बदलून, मागे खाचांचा टायर घालून, सायलेन्सर वर उचलून गावातला फिटर ती शर्यतीची करून देई. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात गॅरेज आणि लेथ यांची कमतरता कधीच नव्हती. यॉर्कशरच्या कामगारांची गोष्ट सत्तर वर्षांनी आपल्या भाषेत घडली, पण ती कुणी लिहून ठेवली नाही.

१९९६ मध्ये आरएक्स-१०० चे उत्पादन थांबले. धुराचे नियम कडक होत गेले आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली संपल्या. जुन्या गाडीला आता संग्राहक लाखाच्या वर मोजतात, आणि ज्या गाडीमुळे गरीब पोरगा शर्यतीत येत होता ती गाडी दिवाणखान्यातली वस्तू झाली. माझ्या विद्यार्थ्याच्या मामाला असे गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले आहे.

राष्ट्रीय पातळीवरच्या नियमांनी या प्रश्नाची दखल घेतली नाही असे नाही. परदेशी गाड्यांचा गट वेगळा, भारतीय बनावटीच्या गाड्यांचा वेगळा, नवोदितांचा वेगळा. कारखान्याच्या संघात नसलेल्यांसाठी 'प्रायव्हेट एक्स्पर्ट' असा गट, आणि ज्या गावात शर्यत असेल त्या गावच्या पोरांसाठी 'लोकल क्लास'. या शेवटच्या गटाला राष्ट्रीय क्रमवारीत फारसे महत्त्व नाही. पण मैदानाच्या कुंपणाला चिकटून जी गर्दी उभी असते ती त्यासाठीच आलेली असते, हे मी आता स्वतः पाहिले आहे. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेला सी. एस. संतोष हाही मूळचा या सुपरक्रॉसच्या मातीतला.

वरच्या टोकाला दृश्य बदलते आहे. २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी संकुलातून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. पुढे अहमदाबाद आणि बंगळूर. परदेशी स्वार, संघांचे मालक, दिव्यांचा झगमगाट. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात केटीएमने आपल्या खास मोटोक्रॉस गाड्या भारतात आणल्या. २५० सीसीची गाडी साडेनऊ लाखांच्या वर, आणि लहान मुलांची ५० सीसीची पावणेपाच लाख. त्या ऑस्ट्रियाहून तयार येतात. याच कंपनीच्या रस्त्यावरच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात, आणि म्हणून त्या आपल्या पोरांना परवडतात. आयातशुल्क २०१८ मध्ये ५० टक्क्यांवर आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात (१६०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी) ४० टक्क्यांवर आले. साडेनऊ लाखांच्या वस्तूत याने फरक पडतो. गॅरेजवाल्याच्या घरात पडत नाही. तेथे फरक पडला तो २०१९ मध्ये, हिरोची एक्सपल्स २०० सत्त्याण्णव हजारांच्या आसपास आली तेव्हा. पुढचे चाक मोठे, शॉकअब्सॉर्बरची चाल लांब, फोर-स्ट्रोक असूनही साधे इंजिन. वर्षभराने शर्यतीसाठीचे सुटे भाग अडतीस हजारांत मिळू लागले. ही काही मोटोक्रॉसची खरी गाडी नव्हे, वजनाला जड आहे, असे जाणकार म्हणतात. पण सोमवारी तिच्यावर बसून कॉलेजला येता येते. १९४७ च्या इंग्लिश पोराचे गणित आपल्याकडे पुन्हा जुळण्याची शक्यता मला दिसते ती इथेच.

शक्यताच, कारण जमिनीचा प्रश्न राहतो. आमच्या शहराबाहेर ही मुले सराव करत ती जागा म्हणजे एक बंद पडलेली वीटभट्टी. मालकाची हरकत नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती जमीन एन. ए. झाली, दगड रोवले गेले, आणि मुले टेकडीवर गेली. तेथून वनखात्याने हुसकले, तेही बरोबरच. टेकडीवरची झाडे कुणी तरी लावलेली आहेत. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती सशर्त उठली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला; या साऱ्या काळात गावाने घाटाची जागा मात्र सोडली नाही, कारण ती जागा यात्रेची होती. मोटारसायकलीला ग्रामदैवत नाही. तिच्या मैदानासाठी कुठली यात्रा कमिटी भांडत नाही. मग आयोजक एका रविवारापुरती जमीन भाड्याने घेतो, जेसीबी लावून उंचवटे करतो, टँकर, रुग्णवाहिका, डॉक्टर, विमा, परवाने. आणि हे सारे प्रवेश फीत आणि प्रायोजकाच्या फलकात बसवतो. फी का वाढते, याचे उत्तर लोभात शोधणाऱ्यांनी एकदा ही यादी करून पाहावी. रुग्णवाहिका कमी करून खेळ स्वस्त करता येतो, आणि आपल्याकडे असे विनापरवाना रविवार होतातही. माझ्या विद्यार्थ्याचा हात मोडला तो अशाच एका रविवारी. तेथे फी शंभर रुपये होती आणि दवाखान्यात नेणारे वाहन एका प्रेक्षकाचे.

हात बरा झाल्यावर त्याने मला एका रीतसर शर्यतीला नेले. 'लोकल क्लास' दुपारी उशिरा होता. टँकर वेळेवर आला नाही, म्हणून धुळीत पुढचे काही दिसत नव्हते. तो सातवा आला. कुंपणापाशी येऊन एका जुन्या टायरवर बसला आणि घाईघाईने बूट सोडू लागला. मला वाटले पाय दुखावला. पण पुढच्या फेरीतला एक मुलगा आधीच अनवाणी उभा होता. शर्यतीचे गुडघ्यापर्यंतचे बूट त्या दोघांत मिळून एकच जोड. दुसऱ्याचा पाय लहान, म्हणून तो टाचेत फडके कोंबत होता. माझ्या विद्यार्थ्याने त्याचे बक्कल आवळून दिले आणि विचारले, "टँकर आला का रे?"